गोळी आता कायमची: पहिल्या तीन महिन्यांत मन कसं सांभाळायचं

दवाखान्यातून बाहेर पडताना नव्या पेशंटच्या हातात तीन कागद असतात: रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि काय खायचं नाही याची यादी. रात्री झोप उडाल्यावर काय करायचं, घरच्यांना काय सांगायचं, जीव घाबरा झाला तर कोणाला फोन करायचा, याचा कागद कोणी देत नाही. तो इथे दिला आहे. मधुमेह, बीपी, संधिवात, थायरॉईड, किडनीचा आजार, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांपैकी काहीही असो, यातला बराचसा भाग लागू पडेल. उदाहरणं मधुमेहाची जास्त आहेत, कारण तिथे आकडे रोज डोळ्यांसमोर नाचतात आणि आजारापेक्षा आकड्यांनीच माणूस आधी खचतो.

‘टेन्शन घेऊ नको’ या सल्ल्याने आजवर कोणाचं टेन्शन गेलेलं नाही. ठरल्या वेळी ठरलेलं काम केलं की मात्र ते थोडं थोडं हलकं होतं. म्हणून खाली सल्ले कमी आणि कामं जास्त आहेत.

पहिले पंधरा दिवस: निर्णय नको, वही हवी

निदान झाल्यावर पहिले पंधरा दिवस मोठा निर्णय घेऊ नका. शेत बटाईने देऊन टाकणं, नोकरी सोडणं, पोरीचं लग्न घाईने उरकणं असे विचार नेमके याच दिवसांत येतात. ते वहीत लिहा, पुढची तारीख टाका आणि तिथेच सोडा.

वही शंभर पानी पुरते. रोज एक ओळ, पाच रकाने: तारीख, आकडा (साखर, बीपी किंवा दुखणं ० ते १०), रात्रीची झोप किती तास, मन कसं होतं ० ते १०, आणि त्या दिवशी घडलेली एक गोष्ट. उदाहरणार्थ: ‘१२ तारीख. उपाशीपोटी १६८. झोप ४ तास. मन ३. काल रात्री भावाशी वाटणीवरून बोलाचाली.’ अशा चौदा ओळी झाल्या की कशानंतर काय होतं ते दिसायला लागतं. भांडण, बँकेचं पत्र, जागरण यांनी काही न खाताही साखर चढू शकते. ताणात शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, त्यांच्या हुकमाने यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. घरच्यांना हे ठाऊक नसतं, ते थेट विचारतात, ‘चोरून काय खाल्लं?’ वहीतली ओळ त्यांना दाखवा. अर्धं भांडण तिथेच मिटेल.

वहीत दोन चुका हमखास होतात. पहिली, दिवसातून दहा वेळा मोजणं. घरच्या ग्लुकोमीटरमध्ये साधारण पंधरा टक्क्यांचा फरक प्रमाणात बसतो. म्हणजे मीटर १५० दाखवत असेल तर खरी साखर १३० ते १७० मध्ये कुठेही असू शकते. दहा मिनिटांनी पुन्हा टोचून १६२ आलं म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. किती वेळा मोजायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि तेवढंच मोजा. बीपीचंही तसंच: पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर टेकलेले ठेवा, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा आणि मशिन कपाटात ठेवा.

दुसरी चूक, आकड्याला परीक्षेचे मार्क समजणं. १९० आले म्हणजे तुम्ही नापास नाही. खरा हिशेब एचबीए१सी तपासणीत असतो, आणि ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. एका लग्नातल्या एका जिलबीची तिथे फारशी दखलही घेतली जात नाही.

जीव घाबरा झाला तर आधी हे ओळखा

घाम, थरथर, छातीत धडधड, डोकं हलकं होणं, ‘आता काही खरं नाही’ असं वाटणं: साखर उतरली तरी हेच होतं आणि भीतीचा झटका आला तरी हेच. नवा पेशंट इथेच गोंधळतो, म्हणून क्रम पाठ करून ठेवा.

तुम्ही इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेत असाल तर आधी बोट टोचा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून प्या. घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आली की भाकरी किंवा केळं खा. रावेर-यावलच्या बाजूला घरात केळी असतातच, त्यामुळे पहिला हात केळ्याकडे जातो. पण केळ्यातली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, म्हणून आधी साखरपाणी आणि मग केळं. पेढा किंवा चॉकलेट त्याहून वाईट, त्यातलं तूप-चरबी साखरेचा वेग कमी करते. मशिन हाताशी नसेल तर साखर उतरली आहे असं धरूनच चाला. एकदा उगाच साखरपाणी प्यायल्याने नुकसान नगण्य होतं, न प्यायल्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही, घाम तेवढा येतो. तेव्हा घामावर लक्ष ठेवा.

साखर ठीक असेल पण छातीवर दाब येत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दम लागत असेल, तर ‘टेन्शनमुळे होतंय’ असं म्हणून घरी बसू नका. मधुमेहात हृदयविकाराचा झटका कधी कधी फारसा न दुखताही येतो. ईसीजी काढून घ्या. तो नॉर्मल आला म्हणून कोणी हसत नाही.

हे दोन्ही नसेल तर तो बहुधा भीतीचा झटका. दहा-एक मिनिटांत तो टोकाला जातो आणि मग आपोआप ओसरतो. त्या वेळी श्वासाचा उपाय कामी येतो, पण तो आधी शिकलेला हवा.

श्वास आणि काळजीची वेळ

श्वास असा: पाठ टेकून बसा. नाकाने आत घेताना मनात चार मोजा. बशीतला चहा फुंकतो तसे ओठ करून बाहेर सोडताना सहा मोजा. एक फेरा दहा सेकंदांचा, तीस फेरे म्हणजे पाच मिनिटं. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री अंथरुणावर, दिवसातून दोनदा. पहिला आठवडा मन शांत असतानाच करा. झटका आल्यावर पहिल्यांदा करून पाहणारा ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतो, आणि त्याचं खरंच असतं. पोहायला कोणी पुरात शिकत नाही. बिघडतं कुठे? लोक छाती फुगवून मोठे मोठे श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि भीती वाढते. श्वास मोठा नको, संथ हवा. पोट हलायला हवं, खांदे नाही.

दुसरं काम काळजीचं. ती दिवसभर थोडी थोडी करत बसण्यापेक्षा तिला वेळ नेमून द्या: संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा, ओट्यावर, वही घेऊन. अंथरुणावर नाही, आणि रात्री आठनंतर नाही. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे हातातलं, उजवीकडे हाताबाहेरचं. ‘कापसाला भाव काय मिळेल’ उजवीकडे. ‘पुढच्या महिन्याच्या गोळ्यांना पैसे’ डावीकडे, आणि त्यापुढे लगेच काम व वार: ‘सोमवारी उपजिल्हा रुग्णालयात हीच गोळी मिळते का विचारणे.’ उजव्या बाजूच्या गोष्टी नुसत्या लिहून सोडायच्या, त्यांच्यावर उपाय शोधायचा नाही. दुपारी काळजी डोकावली तर तिला साडेपाचची वेळ द्या. पहिले आठ-दहा दिवस हे पोरखेळ वाटतं. तरी करा.

बरं वाटलं त्या दिवशी सांभाळा

हा भाग संधिवात, अंगदुखी, किडनीचा आजार, थकवा असलेल्यांसाठी. वेचणीच्या दिवसांत असं होतं: एके सकाळी सांधे जरा मोकळे वाटतात, बाई दिवसभर कापूस वेचते, ‘आज करून घेते’ म्हणते आणि पुढचे तीन दिवस अंथरुणावर. मग मनात अपराधीपणा, आणि चौथ्या दिवशी तो भरून काढायला पुन्हा तेच. शरीर कमी आणि हे चक्र जास्त थकवतं.

उपाय घड्याळाचा आहे. एक काम निवडा. ते करताना दुखणं दोन अंकांनी वाढायला किती वेळ लागतो ते तीन वेगवेगळ्या दिवशी बघा. समजा ४० मिनिटं लागतात. मग ३० मिनिटं काम आणि १० मिनिटं टेकणं. दुखेपर्यंत वाट बघायची नाही, घड्याळात ३० झाले की थांबायचं. चांगल्या दिवशीही ३०, वाईट दिवशीही शक्य तर १५. दोन आठवडे जमलं की दहा टक्क्यांनी, म्हणजे तीन मिनिटांनी वाढवा. उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचा दिवस बघा: पहाटे घाटा शिजवणं, थापणं, गच्चीवर वाळत घालणं हे एकाच बाईने एका दमात उरकायचं अशी रीत पडली आहे. घाटा एकीने ढवळावा, थापायला दोघी बसाव्यात आणि दुखणाऱ्या हाताच्या बाईने पाटावर न बसता खुर्चीवर बसून वाळलेले बिबडे मोजून डब्यात भरावेत. कामातून काढून टाकलेल्या माणसाला आजारापेक्षा ते जास्त लागतं. काम बदलून द्या, काढून घेऊ नका.

घरचे, पाहुणे आणि पंगत

आजार झाल्यावर घरातल्या आठ जणांचे आठ फौजदार होतात. एकच माणूस नेमा, बायको, मुलगा, बहीण, कोणीही, आणि त्याला तीनच कामं द्या: संपण्याच्या पाच दिवस आधी औषध आणणं, तपासणीच्या दिवशी सोबत येणं, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास मध्ये न बोलता ऐकणं. तिसरं काम सर्वांत अवघड असतं, हे त्यांना आधीच सांगा. बाकीच्यांना सांगायचं, ‘काही बोलायचं असेल तर या एका माणसाशी बोला.’

नव्या सुनेची गोष्ट वेगळी. सासरी कळू नये म्हणून थायरॉईडची किंवा फिटची गोळी लपूनछपून घेतली जाते, मग ती चुकते, मग आजार वर येतो. सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण घरातल्या एका तरी माणसाला माहीत हवं. नवऱ्यापासून सुरुवात करणं बरं.

पंगतीसाठी वाक्यं तयार ठेवा, कारण ऐनवेळी सुचत नाहीत. ‘घ्या हो जिभाऊ, एवढ्याने काही होत नाही!’ याला वाद घालून उत्तर देऊ नका. ‘वाढा, अर्धीच वाढा, भरीत मात्र पुन्हा घेईन’ असं म्हणा. वाढणाऱ्याला नकार नको असतो, त्याला मान हवा असतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे आणि आमरस समोर येणारच. आदल्या दिवशीच ठरवा: अर्धा मांडा, छोटी अर्धी वाटी रस, बरोबर डाळ-भाजी, आणि त्या जेवणात भात नाही. गोळीचं किंवा इन्सुलिनचं प्रमाण मनाने वाढवायचं नाही. जास्त खाल्लं गेलंच तर दुसऱ्या सकाळी नेहमीचा नाश्ता. प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहून वर ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेतली की साखर धाडकन उतरते, आणि सण आठवतो तो त्या घामाने. कानबाईच्या सणातल्या रोटांचंही असंच: प्रसाद नाकारायची गरज नाही, कणभरही प्रसादच असतो.

सातपुड्याच्या पट्ट्यात, अक्कलकुवा-धडगाव-तळोद्याकडे, सिकलसेलच्या घरात आणखी एक ओझं असतं: दोष कोणाचा. हा आजार मुलाला होतो तेव्हा सर्वसाधारणपणे आई आणि वडील दोघेही वाहक असतात, म्हणजे स्वतःला आजार नसतो पण तो मुलाकडे जाऊ शकतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि नुसता वाहक असण्याची ५० टक्के. एकट्या आईला बोल लावणं शास्त्राच्या हिशेबात बसतच नाही. आणि कळा आल्यावर मूल रडतं ते नाटक नसतं. पाणी कमी पडणं, थंडी, ताप, अति श्रम यांनी रक्तपेशी बारीक नळ्यांमध्ये अडकतात, त्याची ती कळ असते. शाळेत शिक्षकांना एवढं सांगून ठेवा की याच्याजवळ पाण्याची बाटली राहू द्या.

मे महिन्यातली रात्र

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की धडधाकट माणसालाही झोप लागत नाही, त्यामुळे झोपमोडीचा सगळा दोष मनावर टाकू नका. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागत असेल तर साखर वाढलेली असू शकते. बीपीची लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर सकाळी चालेल का ते विचारा. दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, चहा चारनंतर नको. वीस मिनिटं झोप नाही लागली तर उठून ओट्यावर बसा, झोप आली की परत या. कूस बदलत पडून राहिलं की अंथरुणाचीच धास्ती बसते.

इन्सुलिनवाल्यांना वीज गेली की वेगळीच काळजी. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीजरमध्ये कधीच नको. वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे थंड खोलीत चालते, नेमकी मर्यादा खोक्यातल्या कागदावर वाचा. खोलीच तापत असेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या कोरड्या माठात, प्लास्टिकच्या डबीत घालून ठेवा. वर ओलं फडकं. गाडीच्या डिकीत मात्र नाही.

सलाईन, पुडी आणि घोट

‘अशक्तपणा वाटतो, एक सलाईन लावून द्या.’ खेड्यापाड्यातल्या दवाखान्यात ही मागणी रोजची आहे. बाटलीत काय असतं ते बघा. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे बीपीच्या पेशंटने जवळजवळ दिवसाचं मीठ शिरेतून घेतलं. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. ‘ताकद’ एवढीच. तासभर पडून राहायला मिळतं आणि कोणी तरी विचारपूस करतं, बरं वाटतं ते बहुधा त्याने. ते घरी फुकट मिळू शकतं.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड सापडतं. चार दिवसांत माणूस नाचायला लागतो, मग साखर-बीपी चढतं, झोप उडते, मन चिडचिडं होतं. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. ते रागावतील, रागावू द्या.

रात्री ‘टेन्शनवर’ दारू घेणाऱ्यांसाठी: इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळीबरोबर दारू घेतली की मध्यरात्री साखर उतरते, आणि घरचे समजतात नशेत झोपला आहे. देवाला, भगताकडे जाण्याने मनाला आधार मिळत असेल तर जा. गोळी तेवढी खिशात ठेवा.

हे नुसतं टेन्शन नाही, हे कधी समजावं

दोन प्रश्न स्वतःला विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कामात, माणसांत रस किंवा आनंद वाटेनासा झाला, असं किती वेळा? उदास, निराश वाटलं, असं किती वेळा? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना तो आकडा साखरेच्या आकड्याइतक्याच सरळपणे सांगा. ते थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासायला सांगतील. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेतल्याने बी१२ कमी होऊ शकतं, आणि तेव्हा जी मरगळ येते तिला लोक मनाचा कमकुवतपणा म्हणतात.

पुढची वाट अशी: गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा आशाताई, तिथून जिल्हा रुग्णालय, किंवा जळगाव-धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग. घरातून निघणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीतही. फोन लागल्यावर काय बोलावं सुचत नसेल तर वहीतल्या चार ओळी वाचून दाखवा.

उदासीनतेची गोळी दिली तर तिचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी होऊ शकते, बहुतेक जण नेमके तेव्हाच सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ती चालते आणि मग हळूहळू कमी करतात. या गोळ्यांची सवय लागत नाही. सवय लागते ती मेडिकलमधून मनाने आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची.

जगण्याचा कंटाळा, मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी बोला. घरच्यांनीही सरळ विचारावं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याच दिवशी फवारणीचं औषध, इन्सुलिन आणि गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, माणसाला एकटं सोडू नका. विषारी औषध पोटात गेलंच असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन, आणि डबा सोबत घेऊन दवाखाना.

तिसऱ्या महिन्याची तपासणी

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर पाच मिनिटं देतात. आदल्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर तीनच प्रश्न लिहा, सर्वांत महत्त्वाचा वर. ‘साखर कशी आहे’ हा प्रश्न नको, ते तर ते सांगतीलच. ‘मला पहाटे तीनला जाग येते’ हे लिहा, नाहीतर ते सांगायचं राहून जातं आणि बसस्टँडवर आठवतं. सोबतच्या माणसाला उत्तरं लिहायला सांगा. गोळ्यांची पाकिटं रिकामीसुद्धा पिशवीत टाका. पुढची तारीख वहीच्या नव्या पानावर लिहूनच खोलीबाहेर पडा.